गुण्या कुठून आला

उमाजीनं रंधा मेजावर असा आपटला, की नरहरपंतांची दौत जागच्या जागी उडाली आणि शाईचे दोन थेंब त्यांच्या वहीत पडले.

"पाचव्यांदा इचारायलात पंत," तो म्हणाला. "गुण्या म्हंजे गुण्या. हे काय, तुमच्या म्होरं पडलाय."

नरहरपंतांनी टीपकागदानं शाई टिपली. पुढ्यातलं हत्यार त्यांना दिसत होतं. लाकडाची जाड मूठ, आणि तिच्यात काटकोनात बसवलेली लोखंडी पट्टी. लाकूड चौरस कापलं गेलं की नाही, हे सुतार त्यानं पाहतो, एवढं त्यांनी लिहूनही घेतलं होतं. पण वहीत रकाने चार होते: शब्द, अर्थ, मूळ आणि नवा शब्द. पहिले दोन भरले होते. चौथा साहेबांनी कचेरीतूनच भरून पाठवला होता, 'समकोणक' म्हणून. अडलं होतं ते तिसऱ्यापाशी. हा शब्द आला कुठून, कुणाच्या तोंडून, कुठल्या गावातून, हे लिहिल्याशिवाय वही परत नेण्याची सोय नव्हती.

नरहरपंत माणूस वाईट नव्हते. हैदराबादच्या हिमायतनगरातलं जुनं नोकरदार घराणं, तीन पिढ्या निजामाच्या दफ्तरात गेलेल्या. फारसी घोटून प्यालेले. मराठी घरात बोलायची, देवापुढे म्हणायची, पण लिहायची वेळ म्हणून कधी आली नव्हती. आणि आता, पोलीस ॲक्शनला दोन वर्षं होत असताना, चाळिशी उलटलेला हा गृहस्थ रोज सकाळी धाकट्या मुलीच्या पाटीवर जोडाक्षरं गिरवून कामाला निघत होता. नव्या सरकारनं एक शब्दकचेरी काढली होती. राज्यातल्या मराठी जिल्ह्यांसाठी धंद्यांच्या शब्दांचं पुस्तक करायचं, आणि तांदळातले खडे वेचावेत तसे परके शब्द त्यातून वेचून काढायचे, हे तिचं काम. नरहरपंत तिथे कारकून होते.

उमाजीनं बोट लांब केलं. अफझलगंजच्या त्या सरकारी सुतारशाळेची शेड चांगली शंभर पावलं लांब होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, गौस मिस्त्री करवतीचे दात कानशीनं घाशीत बसले होते.

"ते बसलेत तिथं. ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच इचारा ना. मला कामून छळायलात?"

नरहरपंतांनी आवाज खाली आणला. साहेबांचा हुकूम आहे, ते म्हणाले. जबाब फक्त मराठी सुतारांचेच घ्यायचे. ज्यांची बोली मराठी आणि धंदा वाडवडिलांचा, त्यांचेच.

आता सांगा, याला काय म्हणावं. या शाळेतलं एकूण एक मेज ज्यांच्या हातचं, सव्वीस वर्षं ज्यांनी इथं पोरं घडवली, ते हाकेच्या अंतरावर बसलेले. आणि त्यांनाच विचारायचं नाही. त्यांच्याच हाताखाली आता पोरांना शिकवणाऱ्या उमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात कानशीचा आवाज थांबला होता आणि गौस मिस्त्री गुडघ्यावर हात देत उठून त्यांच्याकडे येऊ लागले होते. आल्या आल्या त्यांनी काय केलं असेल तर आपटलेला रंधा उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि तो आडवा, कुशीवर निजवून ठेवला.

"गुस्सा पंतजी पे है तो पंतजी पे निकाल," ते म्हणाले. "रंदे ने क्या करा तेरा?"

मग ते नरहरपंतांशेजारी बाकावर बसले आणि कुणी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं. त्यांचे उस्ताद म्हणायचे, हा शब्द मूळ यूनानचा. तिथून इराणात गेला, इराणातून गवंडी-सुतारांबरोबर बीदरला आला आणि बीदरहून उस्तादांच्या पेटीतून हैदराबादेत. नरहरपंत मान डोलावत राहिले. त्यांना हे नवीन नव्हतं, फारसीच्या कोशात त्यांनी तो शब्द स्वतः पाहिला होता. पण दौतीत बुडवलेला टाक त्यांनी पुसून ठेवून दिला. तिसरा रकाना कोराच राहिला.

उमाजी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेला तो काही अदबीनं नाही. भांडण अर्धवट राहिलं होतं म्हणून. तिथं नरहरपंतांनी इकडंतिकडं पाहिलं आणि, हे माझ्या तोंडून ऐकलं नाही असं समज, अशी सुरुवात करून सांगितलं ते असं: कचेरीत शब्दांच्या यादीबरोबर दुसरीही एक यादी होत होती, शिकवणाऱ्यांची. ज्यांचे शब्द आपले ठरतील ते राहतील. ज्यांच्या तोंडी सगळे परकेच शब्द, त्यांना नव्या शाळेत घेऊन करायचं काय, असा साहेबांचा सवाल होता. गौस मिस्त्रींच्या नावापुढं तांबड्या पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह पडलं होतं.

"अजून काट मारलेली नाही," नरहरपंत म्हणाले. "पण तुमचे सगळेच शब्द त्यांचे. रंधा त्यांचा, गुण्या त्यांचा. एखादा तरी टिकला, तर मला बोलायला तोंड राहील."

 उमाजीनं फाटकाची कडी अशी लावली की ती निखळून हातात आली.

बेगम बाजारच्या मागच्या गल्लीत त्याचं बिऱ्हाड होतं. घरी आल्यावर त्यानं पगोटं खुंटीवर टाकलं, ते खाली पडलं, ते त्यानं तसंच राहू दिलं. जयवंता चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं पगोट्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि परातीतलं पीठ मळायला घेतलं. तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. समकोणक. तोंडात धरावं तर दातात अडकतं. उद्या पोराला सांगायचं, अरे समकोणक आण, तर ते आणेपर्यंत सरस वाळून जाईल. आणि तो पुण्याकडचा साहेब, त्यानं जन्मात कधी हातात पटाशी धरली आहे का? त्यानं आम्हाला शब्द शिकवायचे?

जयवंता रझाकारांचा काळ विसरली नव्हती. तिच्या भावाचं घर नांदेडकडच्या खेड्यात जळालं होतं, गुरांसकट. त्या दिवसांत गौस मिस्त्री रोज काम सुटल्यावर उमाजीला बेगम बाजारच्या तोंडापर्यंत सोडायला येत. आणि पोलीस ॲक्शननंतरचे चार महिने उमाजी त्यांना नव्या पुलाच्या पल्याड त्यांच्या दारापर्यंत पोचवत गेला. यावर त्या दोघांत कधी एक अक्षर निघालं नव्हतं. जयवंतानं मात्र ते पाहिलं होतं.

"म्हातारबाबाची नोकरी जाती का ऱ्हाती, तेवढं सांगा," ती म्हणाली.

"शबुद ऱ्हायला तर ऱ्हाती म्हन्तेत पंत."

"मंग सांगा की आमच्या गावाचाच हाय म्हनून. आज्जा म्हनायचा म्हनावं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आज्जा काय उठून यायलाय नाही म्हनायला?"

 उमाजीनं उठून पगोटं उचललं आणि झटकून खुंटीवर नीट ठेवलं. शब्द राहिला की माणूस राहील. रागानं पेटलेल्या माणसाला एक वाट दिसली की दुसरी काही दिसत नाही, तसं त्याचं झालं. ती वाट पुढं कुठं जाते, हे विचारायचं त्याला सुचलं नाही आणि तिलाही सुचलं नाही.

दोन दिवसांनी तो स्वतःच्या पायानं शब्दकचेरीत गेला. तिथले साहेब एकनाथराव. पुण्याकडचे, अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उमाजी भांडायच्या तयारीनं गेला होता आणि एकनाथरावांनी पहिल्या झटक्यालाच त्याचं हत्यार काढून घेतलं. ते उठून उभे राहिले, "या उमाजीराव" म्हणाले आणि त्यांनी त्याला खुर्ची दिली. सरकारी कचेरीत उमाजीनं शेकडो खुर्च्या दुरुस्त केल्या होत्या, पण बसायला अशी कुणी दिली नव्हती. तो बसला आणि बसल्याचा त्याला राग आला.

एकनाथराव विचारत होते, नरहरपंत लिहीत होते. गाव कुठलं? नांदेडाखाली, गोदेच्या काठी. वडील? सुतार. आजा? तोही सुतार. हा गुण्या शब्द तुम्ही पहिल्यांदा ऐकला तो कुठं?

"घरात," उमाजी म्हणाला. "आज्जा म्हनायचा. त्याच्या बी आज्जाच्या वक्तापासून हायेच तो."

नरहरपंतांचा टाक क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू लागला.

"हैदराबादेत येण्याआधी?"

"आज्जानं हैदराबाद बघितलंच न्हाई साहेब."

एकनाथरावांचा चेहरा उजळला. ते पुढं वाकले. "आणि काम? काम कुणाकडून शिकलात?"

कसबी माणसाला हा प्रश्न विचारला की उस्तादाचं नाव तोंडातून निघायच्या आधी त्याचा हात कानाच्या पाळीला जातो. ही त्या लोकांची रीत आहे, तिथं हिंदू-मुसलमान असं काही नाही. उमाजीचा हात निम्म्यापर्यंत गेला. तिथून त्यानं तो पगोट्याकडं वळवला आणि सुटलेला शेव खोचला.

"बापाकडून," तो म्हणाला.

एकनाथरावांनी चहा मागवला. त्याच्यासमोरच त्यांनी नरहरपंतांची वही ओढून घेतली आणि 'समकोणक' हा शब्द दोन आडव्या रेघांनी खोडला. खोडताना ते म्हणाले, की आपण इतके दिवस दिल्ली-इराण धुंडाळत बसलो आणि आपलं धन आपल्याच नदीकाठी पडलं होतं. उमाजीला त्यांचं बोलणं कळलं नाही, रेघा तेवढ्या कळल्या. जिंकलो, असं त्याला वाटलं. कसं गंडवलं साहेबाला, असंही वाटलं, आणि रस्त्यानं तो एकटाच दोनदा हसला.

हसू पुलापर्यंत टिकलं. मुसीच्या पात्रात धोब्यांनी कपडे वाळत घातले होते, ते पाहत तो कठड्याशी उभा राहिला आणि त्याला बाप आठवला. बापानं जन्मभर औतं केली, गाड्याची चाकं भरली. बाभळीचं लाकूड जसं वाकलेलं येई, तसंच घेऊन वाकसानं तासायचं. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं बघायचं, झालं. औताला काटकोन लागतो कशाला? त्या घरात गुण्या कधी नव्हता. उमाजीनं तो पहिल्यांदा पाहिला तो पंधराव्या वर्षी, अफझलगंजच्या शेडमध्ये. आणि पहिले सहा महिने गौस मिस्त्रींनी त्याला करवतीला हात लावू दिला नव्हता. फळीवर गुण्या लाव. रेघ मार. आता तो पलट, आणि त्याच जागी पुन्हा मार. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. केसाएवढी फट पडली तर हत्यार खोटं, आणि खोट आहे त्याच्या दुप्पट दिसते. सहा महिने नुसतं हेच. कुठलाही गुण्या हातात आला, उस्तादांचा स्वतःचा असला तरी, आधी पलटून बघायचा, मग कामाला लावायचा.

हे सगळं आठवून तो कठड्याशी थुंकला आणि घरी गेला. उस्तादांना सांगायचं त्यानं टाळलं. ऐकलं असतं तर त्यांनी त्याला कचेरीत परत पिटाळलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नोकरी पक्की झाल्याचा कागद येऊ दे, मग सांगू, मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत.

कागद आला तीन आठवड्यांनी. तो घेऊन एकनाथराव स्वतः आले, मागं नरहरपंत. शिकाऊ पोरांना जेवणाची सुट्टी होती, शेडमध्ये हे चौघंच. एकनाथरावांनी पुस्तकाचं छापून आलेलं पहिलं पान काढलं आणि उभ्यानं वाचून दाखवलं. गुण्या: काटकोन पाहण्याचे सुताराचे हत्यार. मूळ: गोदाकाठच्या सुतारांचा परंपरागत शब्द. उमाजीनं चोरून खिडकीकडं पाहिलं. गौस मिस्त्रींची कानस चालतच होती. त्यांना छापील मराठीतलं किती कळलं कोण जाणे.

मग एकनाथरावांनी दुसरा कागद काढला. ही विद्या आपल्या माणसांकडे पिढ्यान् पिढ्या आहे, हे आता सिद्धच झालं, ते म्हणाले. ती बाहेरून कुणी आणून दिलेली नाही. तेव्हा ती ज्यांच्या घरात चालत आली, त्यांनीच ती शिकवावी, असं ठरलं आहे. पुढच्या महिन्यापासून या शाळेचे मुख्य मिस्त्री उमाजीराव. गौस मिस्त्रींना सरकार सन्मानानं मोकळं करत आहे.

उमाजीला ते एकदम कळलंच नाही. मग कळलं. ज्या शब्दानं म्हाताऱ्याला वाचवायचं, त्याच शब्दानं त्याला हाकललं होतं. आणि तो शब्द नेऊन दिला कुणी? याच तोंडानं. चहा पिऊन आलं होतं हे तोंड.

"खोटं हाय ते," तो ओरडला. "मला गौस मिस्त्रींनी शिकवलंय. गुण्या त्यांचा, काम त्यांचं, समदं त्यांचं. बापाला ठाऊक बी नव्हता."

एकनाथरावांनी चष्मा काढला. माणूस न्यायाचा होता, हे मान्य करायला हवं, आणि उमाजीला नेमकी त्याचीच चीड आली. ते शांतपणे म्हणाले, तुमचा जबाब नेमका याच्या उलट आहे. त्यावर पुस्तक छापायला गेलंय. तो जबाब खोटा असेल तर शब्द काढावा लागेल, आणि सरकारला खोटा जबाब देणाऱ्याला मला कुठल्याच शाळेत ठेवता येणार नाही. उलट तुम्हाला या मिस्त्रींनी शिकवलं असेल, तर यांच्या बाबतीत फेरविचार करणं मला भाग आहे. मी तो करीन. आता मी विश्वास ठेवू कशावर? तुम्ही दोनदा दोन गोष्टी सांगता.

आणि ते गौस मिस्त्रींकडे वळले.

"तुम्हीच सांगा. हा तुमच्याकडे शिकला का?"

कानस थांबली. गौस मिस्त्रींनी आधी जबाब ऐकवायला सांगितला. नरहरपंतांनी वही उघडली आणि मराठीतलं ते सगळं उर्दूत करून वाचलं. या भाषेत ते कुठंही अडखळले नाहीत. आजा म्हणायचा, हे वाचलं. आज्यानं हैदराबाद पाहिलं नव्हतं, हेही वाचलं. काम कुणाकडून शिकलात, बापाकडून, इथं त्यांचा आवाज उतरला, पण त्यांनी ते वाचलं. गौस मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या पांढऱ्या दाढीत लोखंडाचा कीस चमकत होता. एक शब्द पुरे होता. हो म्हणाले असते तर नोकरी राहिली असती, आणि तो शब्द खरा होता. उमाजी मनातल्या मनात म्हणत होता, म्हणा. माझं जाऊ दे काय जायचं ते. म्हणा.

गौस मिस्त्रींनी त्याच्याकडं एकदाच पाहिलं. मग ते साहेबांना म्हणाले, "बराबर लिखे हैं साहब. ये आया तो हाथ में काम लेके आया. बाप का सिखाया हुआ. मैं क्या सिखाता इसकू."

"मग आता हा असं का म्हणतो?"

"मेरा लिहाज कर रा. बुड्ढे की नौकरी जा री, सो दिल दुख रा इसका. और कुछ नहीं."

उमाजीनं तोंड उघडलं. गौस मिस्त्रींनी तळहात वर केला, चुकीच्या जागी करवत लावणाऱ्या पोराला थांबवावं तसा, आणि उमाजी अठरा वर्षांच्या सवयीनं थांबला.

हे त्यांनी त्याला वाचवायला केलं, की त्याला टाकलं? त्या चेहऱ्यावरून काही कळेना. वाचवलं म्हणावं तर त्यात मायेचा एक सूर असावा, आणि शिक्षा म्हणावी तर थोडा राग तरी दिसावा. उमाजीला दोन्हींतलं काहीही चाललं असतं. त्याला कुणीतरी थोबाडीत हाणायला हवी होती.

गौस मिस्त्रींनी हत्यारं पुसून पेटीत भरली. घाई नव्हती, उशीरही नव्हता. पटाश्या फडक्यात, रंधे कुशीवर, गुण्या वरच्या खणात. उस्ताद एखादं काम सोडून निघाला की त्याची पेटी शागिर्दानं उचलायची आणि घरापर्यंत न्यायची, हे कुणी सांगावं लागत नाही. उमाजी पुढं झाला, त्यानं कडीला हात घातला.

"आप बैठो, मिस्त्री," गौस मिस्त्री म्हणाले. "आपका काम का वख्त है."

अठरा वर्षांत त्यांनी त्याला उम्या म्हटलं होतं, गधा म्हटलं होतं, सणावाराला बेटा म्हटलं होतं. आप कधी म्हटलं नव्हतं. मिस्त्री कधी म्हटलं नव्हतं. उमाजीचा हात कडीवरून निघाला. त्यांनी पेटी एका बाजूला झुकत उचलली आणि ते शेडच्या दाराकडं चालू लागले.

एकनाथरावांनी सुटकेचा श्वास सोडला. मग एवढं उरकून टाकू, ते म्हणाले, म्हणजे पुन्हा घोळ नको. नरहरपंतांनी जबाबाची स्वच्छ प्रत मेजावर पसरली, टाक बुडवून उमाजीच्या हातात दिला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. उमाजीकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

उमाजी कागदाकडं बघत होता. फाडावा? फाडला तर आता एकटा उमाजी खोटा ठरणार नव्हता. म्हाताऱ्यानं साहेबांसमोर, सव्वीस वर्षांच्या इमानावर जे सांगितलं, तेही खोटं ठरणार होतं. ती वाटही त्यानं स्वतःच बंद केली होती. एकनाथरावांवर राग काढावा, तर त्यांनी खुर्ची दिली होती. नरहरपंतांवर काढावा, तर त्यांनी बिचाऱ्यांनी सावध केलं होतं. जयवंता तर चांगल्यासाठीच बोलली होती. रागाला कुठंच जागा उरली नव्हती आणि राग तर छाती फोडून बाहेर येऊ बघत होता. त्यानं टाक कागदाच्या उजव्या कडेला टेकवला आणि उजवीकडून डावीकडं आपलं नाव लिहिलं.

एकनाथराव वाकून पाहू लागले.

"ही कुठली अक्षरं?"

"उर्दू, साहेब," नरहरपंत म्हणाले. "इकडं आम्हा सगळ्यांना हीच येतात."

"मराठी लिहिता येत नाही तुम्हाला?" एकनाथरावांनी उमाजीला विचारलं, आणि त्यात खरंखुरं आश्चर्य होतं. "मग ही कुणी शिकवली?"

शेडच्या दारातून फाटक दिसत होतं. तिथं एक सायकल रिक्षा थांबली होती आणि गौस मिस्त्री पेटी तिच्यात चढवायला वाकले होते. उमाजी उठून उभा राहिला.

"लिवायला गौस मिस्त्रींनी शिकवलं," तो म्हणाला, फाटकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "रोज काम सुटल्यावर. फळकुटावर शिसपेनीनं लिवायचं, रंधा मारून पुसायचं, परत लिवायचं. दोन वर्सं."

"आणि काम?"

फाटकाशी वाकलेली पाठ तशीच वाकलेली राहिली. पेटी अर्ध्यावर, दोन्ही हातांत.

"काम बापानं," उमाजी म्हणाला. त्याचा आवाज या वेळीही तेवढाच मोठा होता.

पेटी रिक्षात चढली. एकनाथरावांनी कागद स्वतःकडं ओढला आणि त्या सहीखाली तारीख घातली.